ग्रे वॉल्टर : यंत्राला निर्णय घ्यायला लावणारा शास्त्रज्ञ



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं पडू लागली की पहाटेच टोपल्या घेऊन माणसं निघतात. समजा, तुम्ही फुलं वेचताय आणि समोरच्या धुळीत वाघाच्या पंजाचे ताजे ठसे दिसले. टोपली अजून अर्धीच भरलीय. काय कराल? फुलंही हवीत आणि जीवही हवा. पण आपण क्षणात ठरवतो, आधी जीव!

यंत्राला असं ठरवता येईल का? ७५ वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी एका शास्त्रज्ञाने हे करून पाहिलं. त्यांचं नाव विल्यम ग्रे वॉल्टर. चला, त्यांची ओळख करून घेऊया.

जन्म व शिक्षण

ग्रे वॉल्टर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९१० रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे झाला. लहानपणीच ते इंग्लंडला आले आणि पुढे केंब्रिज विद्यापीठात शिकले. मेंदूतील विद्युत लहरी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. या लहरींवरून मेंदूतील गाठीची जागा शोधण्याचं मोलाचं काम त्यांनी केलं. १९३९ पासून ते ब्रिस्टल शहरातील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागले.

मेंदूत अब्जावधी पेशी असतात. पण हुशारी येते ती पेशींच्या संख्येमुळे की त्यांच्या जोडणीमुळे? हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना.

एल्मर आणि एल्सी

उत्तर शोधण्यासाठी त्यांनी १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. तीन चाकं, वर कवच, उजेड ओळखणारा एक 'डोळा' आणि मेंदूच्या जागी जुन्या रेडिओत असत तसे फक्त दोन व्हॉल्व्ह!

कासव अंधारात उजेड शोधत फिरायचं. मंद उजेड दिसला की तिकडे जायचं, फार प्रखर असला की तोंड फिरवायचं. वाटेत काही आडवं आलं, कवचाला धक्का लागला, की उजेड विसरून आधी अडथळ्यातून सुटका करून घ्यायचं.

खरी गंमत पुढे आहे. बॅटरी उतरू लागली की त्याचा 'डोळा' मंद व्हायचा. मग ज्या प्रखर दिव्यापासून ते पळायचं, त्याच दिव्याकडे ते जायचं. तो दिवा असायचा त्याच्या घरट्यात, आणि तिथेच चार्जिंगची सोय! म्हणजे भूक लागली की निर्णय बदलला. आपलंही तसंच होतं ना?

यंत्र शिकलं कसं?

एल्मर-एल्सी निर्णय घेत, पण शिकत नसत. म्हणून वॉल्टर यांनी 'कोरा' नावाची जोडणी तयार केली. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्याचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. तसंच इथेही केलं. शिट्टी वाजवायची आणि लगेच उजेड दाखवायचा. असं पुन्हा पुन्हा केल्यावर नुसत्या शिट्टीलाही यंत्र प्रतिसाद देऊ लागलं.

१९५१ मध्ये लंडनच्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' प्रदर्शनात लोकांनी अशी कासवं पाहिली. १९७० मध्ये स्कूटर अपघातात वॉल्टर यांच्या मेंदूलाच गंभीर इजा झाली. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्यासाठी

आज ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ गावाजवळ वाघ ओळखून इशारा देणारे एआय कॅमेरे बसवले आहेत. अशा यंत्रापुढेही दोन गरजा असतात. वाघ सुटता कामा नये आणि खोटा इशाराही जाता कामा नये. रानडुकराला वाघ समजून रोज भोंगा वाजला तर लोक लक्ष देणार नाहीत. फार खात्री होईपर्यंत थांबलं तर कुणाचा जीव जाईल.

मग आधी काय, हे कोण ठरवतं? कासवाचं वॉल्टर यांनी ठरवलं होतं, तारा जोडतानाच. आजही ते माणूसच ठरवतो. म्हणून ठरवताना मोहफुलं वेचणाऱ्या आईलाही विचारायला हवं, नाही का?

उपक्रम : तुम्ही जंगलात फिरणारा रोबोट बनवला, तर त्याला कोणत्या तीन गरजा द्याल? त्यांचा क्रम लावा आणि कारण वहीत लिहा.