जॉन नाका : जुन्या ज्युनिपरला कुंडीत दुसरे आयुष्य देणारा माळी



नागापूर एमआयडीसीत एखाद्या कारखान्यासमोरची किंवा नगर शहरात बंगल्यापुढची जुनी बाग मोडायला निघाली, की कडेचे पंधरा-वीस वर्षांचे ज्युनिपर जेसीबीच्या एका फटक्यात बाहेर येऊ शकतात. खोड जाड आणि वळणदार असते, त्यामुळे ते उचलून कुंडीत बसवण्याचा व 'तयार बोन्साय' म्हणून विकण्याचा मोह होतो. धोका इथेच आहे. ज्युनिपरची मुळे मेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. झाड घेणाऱ्याला आपण मेलेले झाड विकत घेतले हे दोन महिन्यांनी कळते आणि रोपवाटिकेचे नाव जाते.

अशी झाडे जगवून त्यांचे बोन्साय करण्याची कला अमेरिकेत रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते जॉन नाका पेशाने माळीच होते. त्यांचे आयुष्य तुम्ही समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

आजोबांकडून मिळालेले शिक्षण

नाका यांचा जन्म 16 ऑगस्ट 1914 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका जपानी कुटुंबात झाला. ते आठ वर्षांचे असताना कुटुंब जपानला परतले. तिथे आजोबांच्या हाताखाली त्यांना बोन्सायची गोडी लागली. 1935 मध्ये ते पुन्हा कोलोरॅडोत आले.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. नाका तेव्हा कोलोरॅडोत होते. युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, ते लॉस एंजेलिसला गेले आणि लोकांच्या बागा तयार करण्याच्या कामावर त्यांनी संसार उभा केला.

1950 मध्ये त्यांनी चार मित्रांसह बोन्साय मंडळ सुरू केले. तेच पुढे कॅलिफोर्निया बोन्साय सोसायटी म्हणून ओळखले गेले. युद्धाची कटुता ताजी असतानाही त्यांनी ही विद्या जपानी समाजापुरती ठेवली नाही. शिकायला येईल त्याला त्यांनी शिकवले.

वाळवंटातले ज्युनिपर

त्या काळी जपानी पद्धतीच्या बोन्सायसाठी जपानी झाडेच हवीत असा समज होता. नाका यांनी कॅलिफोर्नियाच्या कोरड्या, वाळवंटी भागातील स्थानिक ज्युनिपरकडे लक्ष वळवले. ऊन आणि वाऱ्याने पिळवटलेली ही झाडे अर्धी वाळलेली असतात. एका बाजूची साल जिवंत, दुसरीकडे पांढरे पडलेले लाकूड. नाका यांनी त्या वाळलेल्या भागालाच झाडाचे सौंदर्य मानले. झाडावर ठरावीक आकार लादण्यापेक्षा त्याच्या मूळ वाढीचा कल ओळखून पुढे जावे, अशी त्यांची शिकवण होती.

गोशिन : अकरा झाडांचे वन

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे 'गोशिन', एकाच तबकातील फोमिना ज्युनिपरचे वन. यातील पहिल्या दोन झाडांवर त्यांनी 1948 मध्ये काम सुरू केले. वन म्हणून एकत्र लावणी झाली 1964 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. सुरुवातीला सात नातवंडांसाठी सात झाडे होती. नातवंडे अकरा झाली तशी झाडेही अकरा झाली.

हे वनही सुरळीत वाढले नाही. सुरुवातीला झाडे मरू लागली. निचरा अपुरा होता. नाका यांनी पाणी बाहेर जाण्याचे छिद्र मोठे केले, मातीचे मिश्रण बदलले आणि मग वन टिकले. 1984 मध्ये त्यांनी ते राष्ट्रीय संग्रहासाठी दिले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातील बोन्साय संग्रहालयात आहे.

त्यांच्या 'बोन्साय टेक्निक्स' या ग्रंथाचे दोन भाग 1973 आणि 1982 मध्ये आले. 1992 मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान त्यांना मिळाला. 19 मे 2004 रोजी, नव्वदीला थोडे कमी असताना, त्यांचे निधन झाले.

तुमच्या बागेतला ज्युनिपर काढताना

नाका यांच्या आयुष्यातून घ्यायचा धडा एकच : जुने झाड एका दिवसात बोन्साय होत नाही. आपल्या हवामानात पुढीलप्रमाणे काम करावे.

1. आधी चर घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर, खोडाच्या जाडीच्या पाच-सहा पट अंतरावर, फक्त अर्ध्या घेरात चर खणावा. जाड मुळे धारदार कात्रीने कापून चर जाड वाळू व कुजलेल्या खताने भरावा. पावसाळ्यात खोडाजवळ तंतुमुळे फुटतात.

2. काढणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावी. उरलेला अर्धा घेर तेव्हा कापावा. उन्हाळ्यापूर्वी मुळांना तीन महिने मिळतात. मार्चनंतर झाड हलवू नये.

3. पाला राखावा. वड, पिंपळ किंवा बोगनवेल बोडकी छाटली तरी फुटते. ज्युनिपर तसा नाही. ज्या फांदीवर हिरवा पाला उरत नाही, ती मरते. एका बाजूचे मुख्य मूळ तोडल्यास त्याच बाजूची फांदी वाळू शकते.

4. माती टप्प्याटप्प्याने काढावी. काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, पण ती एकदम धुऊन काढल्यास तंतुमुळे जातात. पहिल्या वर्षी गोळ्याच्या बाहेरची सैल माती काढावी. आतली माती पुढील दोन-तीन वर्षांत, एकेक बाजूने बदलावी.

5. आधी लाकडी खोके वापरावे, तबक नंतर. चाळलेला 3 ते 6 मिलिमीटरचा मुरूम किंवा विटांचा चुरा आणि थोडे पालापाचोळ्याचे खत वापरावे. तळाला मोठी छिद्रे ठेवावीत. झाड हलणार नाही असे तारेने बांधावे.

6. 50 टक्के शेडनेटखाली ठेवावे. पाल्यावर पाण्याचा फवारा द्यावा, त्याने लाल कोळीही आटोक्यात राहते. मुळाशी मात्र वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे. नवी फूट दिसेपर्यंत खत देऊ नये, तार बांधून आकार देऊ नये.

7. विक्रीची घाई करू नये. सर्व फांद्यांच्या शेंड्यांवर नवी फूट येऊन किमान एक वर्ष गेल्यावरच झाड जगले असे समजावे.

झाड काढण्यापूर्वी जागामालकाची परवानगी घ्यावी. वनजमिनीतून झाड उचलू नये, तो गुन्हा आहे. पुढच्या वेळी कोणी जुनी बाग मोडणार असल्याचे कानावर आले, तर जेसीबी येण्याच्या सहा महिने आधी मालकाशी बोला. तेवढा अवधी मिळाला, तर वीस वर्षांचे झाड पुढची कित्येक वर्षे तुमच्या रोपवाटिकेत उभे राहू शकते.