यंत्राच्या शिक्षिका : ग्रेस हॉपर

विद्यार्थ्याच्या वहीवर केवळ तांबडी फुली मारणारा शिक्षक आणि गणित कोणत्या पायरीवर चुकले हे समासात लिहून देणारा शिक्षक, यांतील अंतर अध्यापन करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. संगणकाने यांपैकी कोणाचे अनुकरण करावे, हा प्रश्न ज्यांच्या कार्यामुळे पुढे आला, त्या ग्रेस हॉपर मुळात शिक्षिकाच होत्या.

त्यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. 1931 पासून व्हॅसर कॉलेजात त्यांनी गणित शिकविले आणि 1934 मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. गणिताच्या विद्यार्थिनींना त्या निबंध लिहावयास लावीत आणि त्यातील भाषाही तपासत. विद्यार्थिनींची तक्रार असे. परंतु जे दुसऱ्यास समजावून सांगता येत नाही ते शिकून उपयोग नाही, अशी बाईंची धारणा होती. महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, वजन कमी भरत असताही खास परवानगी मिळवून त्या नौदलात दाखल झाल्या. पुढील वर्षी हार्वर्ड येथील मार्क-1 या अवाढव्य गणकयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

मार्क-2 यंत्रात 1947 मध्ये सापडलेल्या पतंगाची कथा त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. तथापि त्यांचे खरे कार्य पतंगाशी नव्हे, माणसाच्या चुकांशी निगडित होते. त्या काळी उपयुक्त आज्ञांचे तुकडे वहीतून हाताने उतरवून घेतले जात. या नकलेत त्रिकोणी डेल्टा हे चिन्ह कोणी 4 वाची, तर बी हे अक्षर कोणी 13. खुद्द हॉपर यांचा बँकेतील हिशेब एकदा जुळेना. यंत्राच्या आठच्या पायावरील अंकपद्धतीत वजाबाकी करण्याची सवय त्यांच्या चेकबुकात शिरली होती. जे काम माणूस हमखास चुकतो ते यंत्रावरच सोपवावे, हा त्यांचा निष्कर्ष. युनिव्हॅक यंत्रासाठी 1952 च्या सुमारास त्यांनी रचलेला ‘संकलक’, म्हणजेच कंपायलर, हे त्याचे फळ होय. संगणक केवळ अंकगणित करतो, असे मानणाऱ्या तज्ज्ञांचा त्यावर प्रारंभी विश्वासच बसला नाही.

पुढची पायरी भाषेची. हिशेबनिसास बीजगणिताची चिन्हे नकोत, त्याच्या व्यवहारातील शब्द हवेत, असे ओळखून त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा सिद्ध केली. तिच्याच पायावर 1959 पासून ‘कोबोल’ उभी राहिली. तत्पूर्वी त्यांनी व्यवस्थापकांना एक प्रयोग दाखविला होता : तीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांत देऊन यंत्राकडून काम करून घेतले. यंत्राच्या दृष्टीने सर्व भाषा सारख्याच परक्या आहेत, हा त्यातील साधा धडा. अमेरिकन यंत्रास परकी भाषा कशी कळेल, अशा धास्तीने व्यवस्थापक मात्र हादरले.

1966 मध्ये निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने 1967 मध्ये परत बोलाविले. निरनिराळ्या कंपन्यांचे संकलक कोबोलचे निरनिराळे अर्थ लावू लागले होते. तेव्हा प्रत्येक संकलकाची परीक्षा घेणाऱ्या प्रमाणित कसोट्या त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. ग्राहकाने विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये, माल पारखून घ्यावा, हे बाजाराचे जुने तत्त्व त्यामुळे संगणकास लागू झाले.

बरोबर लिहिलेले बरोबर चालते की नाही, ही परीक्षेची अर्धी बाजू झाली. चुकीचे लिहिले असता संकलक काय सांगतो, ही उरलेली अर्धी. आजच्या कसोट्यांत मुद्दाम चुकविलेल्या आज्ञावलीही असतात. कोणत्या ओळीवर कोणता संदेश यावयास हवा, हे आधीच नोंदलेले असते. संदेश चुकला तर संकलक नापास. नवशिक्याच्या दृष्टीने हीच बाजू अधिक मोलाची, कारण त्याचा बहुतेक वेळ चुकांच्याच सहवासात जातो. विराम राहिला एका ओळीत आणि यंत्र बोट दाखविते दुसरीकडे, असे झाले की तो स्वतःच्या बुद्धीलाच दोष देऊ लागतो.

वाशीमसारख्या ठिकाणी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे ही अडचण दुहेरी असते. आज्ञांचे मोजके इंग्रजी शब्द पाठ होतात. चुकीचा संदेश मात्र समजावाच लागतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने याच नगरीत लावून दिला आहे. शब्द आणि अर्थ यांच्या मीलनाची ही ख्याती लाभलेल्या गावातील मुलास अर्थ न कळणारा शब्द वाचीत बसावे लागणे बरे नव्हे. ज्या यंत्रास फ्रेंच व जर्मन चालली, त्यास मराठी वर्ज्य असण्याचे कारण नाही. म्हणून शिक्षणासाठी संगणक घेताना तो किती वेगाने चालतो एवढेच विचारू नये. चूक झाली असता तो कोणत्या भाषेत आणि किती नेमके बोलतो, हेही पारखून घ्यावे.

वयाच्या 79 व्या वर्षी, 1986 मध्ये, हॉपर रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या आणि 1 जानेवारी 1992 रोजी निवर्तल्या. माणूस चुकणारच हे त्यांनी गृहीत धरले आणि त्याचा भार यंत्रावर टाकला. तो भार यंत्र नीट वाहते की नाही, हे पाहण्याचे काम आता त्यांच्यामागून आलेल्या शिक्षकांचे आहे.