ब्लूबर्ड : एक जुनी बोट आणि तिचा हट्टी मालक

मित्रांनो, प्रत्येक हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक तरी जुनी मोटारसायकल असतेच. तिचा मालक बहुधा मेकॅनिकलचा. सबमिशन तोंडावर आलेलं असतं आणि हा पठ्ठ्या इंजिन उघडून बसलेला असतो. बोअर वाढव, कार्बोरेटर मोठा टाक, सायलेन्सर बदल... गाडी पळायला लागते खरी. पण चासी तीच, ब्रेक तेच, टायरही तेच. मग एक दिवस गेटसमोरच्या वळणावर सगळ्या थिअरीचं प्रॅक्टिकल होतं!

आजची गोष्ट अशाच एका पठ्ठ्याची. फरक इतकाच, की त्याची गाडी पाण्यावर धावायची आणि तिला जेट विमानाचं इंजिन होतं. त्याचं नाव डोनाल्ड कॅम्पबेल. पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम त्याने सात वेळा मोडला, आणि तोही एकाच बोटीने. ती बोट म्हणजे 'ब्लूबर्ड के-७'. बुडाली की वर काढायची, मोडली की जोडायची, जुनी झाली की सुधारायची, हाच त्याचा आयुष्यभराचा उद्योग.

मोठ्या बापाचा मुलगा

डोनाल्डचा जन्म २३ मार्च १९२१ चा, इंग्लंडमधला. वडील सर माल्कम कॅम्पबेल म्हणजे वेगाच्या दुनियेतला बादशहा. १९३५ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी ताशी ३०० मैलांच्या (सुमारे ४८३ किमी) पुढे मोटार पळवली होती. नंतर ते पाण्याकडे वळले. ऑगस्ट १९३९ मध्ये इंग्लंडच्या कोनिस्टन तलावावर त्यांच्या 'ब्लूबर्ड के-४' या बोटीने ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम केला. गाड्या आणि बोटी सगळ्या निळ्या, आणि सगळ्यांचं नाव ब्लूबर्ड!

अशा घरात वाढलेल्या पोराची काय अवस्था होते, हे आपल्यापैकी ज्यांचे वडील नामांकित आहेत त्यांना विचारा. काहीही केलं तरी तुलना ठरलेली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा डोनाल्ड हवाई दलात भरती व्हायला गेला. पण लहानपणी त्याला संधिवाताचा ताप येऊन गेला होता, त्यामुळे डॉक्टरांनी नापास केलं. विमान उडवायचं स्वप्न तिथेच संपलं. मग त्याने मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअरची नोकरी धरली. म्हणजे राजपुत्राला थेट शॉप फ्लोअरवर पोस्टिंग!

३१ डिसेंबर १९४८ ला माल्कम वारले. थोड्याच दिवसांत बातमी आली, की एक अमेरिकन उद्योगपती पाण्यावरचा विक्रम मोडायच्या तयारीत आहे. वडिलांचा विक्रम जाणार म्हटल्यावर डोनाल्ड पेटला. हाताशी काय होतं? वडिलांची दहा वर्षांची जुनी लाकडी बोट, आणि वडिलांचा जुना मेकॅनिक लिओ व्हिला. हा व्हिला फार मोठा माणूस. आधी बापाची आणि मग पोराची यंत्रं त्याने जपली, पण वर्तमानपत्रात फोटो मात्र नेहमी कॅम्पबेलचाच. आपल्या वर्कशॉपमधल्या एखाद्या जुन्याजाणत्या मेस्त्रीमामांची आठवण यावी असा.

पहिला धडा : के-४

युद्धानंतर माल्कमनी के-४ मध्ये जेट इंजिन बसवून पाहिलं होतं, पण ते काही जमलं नव्हतं. डोनाल्ड आणि व्हिलाने ते काढलं आणि जुनं रोल्स-रॉइस आर इंजिन परत बसवलं. सुमारे ३७ लिटरचं, बारा सिलिंडरचं धूड, मुळात शर्यतीच्या विमानासाठी बनवलेलं.

१९४९ मध्ये कोनिस्टनवर प्रयत्न सुरू झाले. पण जून १९५० मध्ये अमेरिकेच्या 'स्लो-मो-शन' बोटीने एकदम १६० मैलांचा आकडा गाठला. तिची युक्ती अशी, की वेगात बोटीचा मागचा भाग पाण्यातून उचलला जायचा आणि पंख्याचं फक्त अर्धं चक्र पाण्यात राहायचं. बोट पाण्याला जितकी कमी टेकेल तितका विरोध कमी. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये येतं. (सर वाचत असतील तर कृपया नोंद घ्यावी, आम्ही तो चॅप्टर वाचला आहे.)

मग डोनाल्डनेही जुन्या के-४ ची रचना तशीच बदलून घेतली. बोट पळाली, इटलीत एक मोठी शर्यतही जिंकली. पण १९५१ मध्ये कोनिस्टनवर ताशी १७० मैलांच्या आसपास तिचा सांगाडाच दगा देऊन गेला आणि ती बुडाली. डोनाल्ड आणि व्हिला वाचले. बोट वर काढली, पण दुरुस्तीच्या पलीकडे गेली होती.

१९३९ च्या लाकडी सांगाड्यावर १९५१ चा वेग लादला होता. इंजिन सुधारलं, पंखा सुधारला, पण शरीर जुनंच राहिलं. हा पहिला धडा.

के-७ : कोऱ्या कागदापासून

सप्टेंबर १९५२ मध्ये जॉन कॉब हा दुसरा ब्रिटिश वेगवीर स्कॉटलंडच्या लॉख नेस तलावावर जेट बोट चालवताना मरण पावला. दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. डोनाल्डने नवी बोट बांधायचं ठरवलं, तीही जेटच!

ती केन आणि ल्यू या नॉरिस बंधूंनी डिझाइन केली. आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, वर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा. पुढे दोन्ही बाजूंना दोन तराफ्यासारखे पाय आणि मागे मधला भाग, अशा फक्त तीन ठिकाणी ती पाण्याला टेकायची. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं 'बेरिल' जेट इंजिन, थ्रस्ट सुमारे ३५०० पौंड. पंखा नाही, गिअरबॉक्स नाही. लक्ष्य होतं ताशी २०० मैल. त्या काळी लोक त्याला पाण्यावरची भिंत समजत.

१९५५ च्या सुरुवातीला बोट अल्सवॉटर तलावात उतरली आणि नखरे सुरू झाले. पुढून उडणारं पाणी थेट इंजिनच्या तोंडात! मग पुढचे आडवे दांडे उंच करून घेतले. अखेर २३ जुलै १९५५ ला २०२.३२ मैल. भिंत पडली.

त्याच वर्षी तो बोट घेऊन अमेरिकेत लेक मीडला गेला. तिथे बघ्यांच्या बोटींच्या लाटांनी उभ्या के-७ मध्ये पाणी शिरलं आणि ती चक्क तळाला गेली. वर काढली, इंजिन साफ केलं, जोडणी केली, आणि महिन्याभरात तिनेच २१६.२० मैलांचा नवा विक्रम केला. फायनल इयर प्रोजेक्ट डेमोच्या आधी बंद पडलं म्हणून रडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पुढे १९५६ ते १९५९ दर वर्षी कोनिस्टनवर एकेक विक्रम : २२५, २३९, २४८ आणि २६० मैल. दर वर्षी थोडाच का? त्याला एक व्यवहारी कारणही होतं. बिली बटलिन या उद्योगपतीने विक्रम करणाऱ्या ब्रिटिश माणसाला दर वर्षी ५००० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं! पण दर वेळी बोटीतही काही ना काही सुधारणा व्हायची. कॉकपिटवर नवं पारदर्शक झाकण आलं, मागे छोटा पंख आला, त्यात थांबण्यासाठी पॅराशूट आलं, पुढच्या पायांचा आकार बदलून हवेने नाक उचललं जाणं कमी केलं. एक बदल, एक चाचणी, मग पुढचा बदल. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध.

जमिनीवरही

१९६० मध्ये बॉनव्हिलवर डोनाल्डच्या मोटारीला ३६० मैलांच्या वेगात अपघात झाला. कवटी फुटली, तरी वाचला. मोटार पुन्हा बांधली आणि ऑस्ट्रेलियात नेली. एअर सरोवराच्या ज्या कोरड्या पात्रात वर्षानुवर्षं पाऊस नसतो, तिथे १९६३ मध्ये नेमका पाऊस! अखेर १७ जुलै १९६४ ला ४०३.१० मैल. आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९६४ ला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डंबलयुंग तलावावर के-७ ने २७६.३३ मैल. जमीन आणि पाणी दोन्ही विक्रम एकाच वर्षात करणारा तो पहिलाच माणूस.

शेवटची सुधारणा

आता त्याला रॉकेटवर चालणारी, आवाजापेक्षा वेगवान मोटार बांधायची होती. पण लोकांचा रस आटला होता, पैसा मिळेना. लक्ष वेधायला काहीतरी मोठं हवं होतं. म्हणून म्युझियममध्ये शोभली असती अशा दहा वर्षांच्या के-७ ला पुन्हा बाहेर काढलं. लक्ष्य ठेवलं ताशी ३०० मैल.

बेरिल इंजिन काढून त्या जागी ब्रिस्टल 'ऑर्फियस' बसवलं. वजनाने हलकं, थ्रस्ट ४५०० पौंड. हे इंजिन फॉलंड नॅट या छोट्या लढाऊ विमानाचं. तेच नॅट, ज्याने १९६५ च्या युद्धात आपल्या हवाई दलाचं नाव केलं! ते विमान आणि हे इंजिन दोन्ही आपल्या एचएएलने बंगळूरला परवान्याखाली बनवली, आणि मारुत विमानातही ऑर्फियसच होतं. कॅम्पबेलने सुट्या भागांसाठी एक अपघातग्रस्त नॅट विकत घेतलं आणि त्याचा शेपटीचा उभा पंखसुद्धा बोटीला लावला.

नोव्हेंबर १९६६ मध्ये मंडळी कोनिस्टनला पोचली आणि साडेसाती सुरू झाली. हवा खराब. चाचणीत हवा आत घेणारा मार्गच आत चेपला आणि त्याचे तुकडे इंजिनमध्ये गेले. दुसरं इंजिन बसवलं. मग इंधनाच्या पुरवठ्यात दोष निघाला. बेरिलच्या हिशेबाने आखलेल्या बोटीत ऑर्फियस आलं आणि वजन, तोल, हवा, इंधन, सगळीच गणितं पुन्हा मांडायची वेळ आली. पत्रकार गावात मुक्काम ठोकून होते. पैसा संपत होता. डिसेंबर गेला.

४ जानेवारी १९६७. तलाव आरशासारखा शांत. नियम असा, की ठरलेल्या अंतरावर दोन्ही दिशांनी पळायचं आणि सरासरी धरायची. पहिली फेरी २९७.६ मैल. म्हणजे परतीला ३०२.४ च्या वर हवे.

नेहमीचा रिवाज होता, की पलीकडे थांबायचं, इंधन भरायचं, आपल्याच लाटा विरू द्यायच्या. त्या दिवशी तो थांबला नाही. लगेच बोट वळवली. परतीला वेग ३२० च्या पुढे गेला. बोट उड्या मारू लागली, नाक वर आलं. नाक जेमतेम पाच अंशांवर उचललं गेलं की खालची हवा तिला उलटवणार, ही त्या आकाराची मर्यादा होती. इंजिनचा जोर नाक खाली दाबायला मदत करायचा, तोही त्या क्षणी गेला. के-७ पाणी सोडून हवेत उठली, उलटी झाली, आणि पाण्यावर आदळून फुटली. डोनाल्ड ४५ वर्षांचा होता. त्याचं लाडकं टेडी बेअर पाण्यावर तरंगताना सापडलं, तो नाही.

नेमकं कारण काय यावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खल केला. स्वतःच्याच लाटा, इंजिनचा गेलेला जोर, हवेची उचल, बहुधा सगळं मिळूनच. पण मला वाटतं, मुळाशी एक साधी गोष्ट आहे. इंजिन १९६६ मध्ये बदललं, पण उलटण्याची मर्यादा बदलली नव्हती. २०० मैलांच्या स्वप्नासाठी आखलेल्या आकाराला ती जन्मापासून चिकटलेली होती. आणि तेवढी थोडीशी शिल्लक राहिलेली सुरक्षितता घाईने खाल्ली. अपघात कच्च्या माणसाचा झाला नाही. बारा वर्षं एक-एक बदल तपासून करणाऱ्या माणसाने एका सकाळी काही मिनिटं थांबायचं टाळलं.

पुन्हा एकदा वर

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण के-७ ला संपायची सवयच नव्हती! बिल स्मिथ या इंग्लिश पाणबुड्याने सोनारच्या मदतीने तिला शोधलं आणि मार्च २००१ मध्ये, ३४ वर्षांनी, वर काढलं. मे महिन्यात डोनाल्डचे अवशेष मिळाले. सप्टेंबर २००१ मध्ये त्याला कोनिस्टन गावातच पुरण्यात आलं.

२००६ मध्ये कुटुंबाने बोट गावच्या रस्किन म्युझियमला दिली. स्मिथ आणि त्याच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून ती पुन्हा उभी केली. पद्धत अशी, की चेपलेला जुना पत्रा फेकायचा नाही. शक्य तितका सरळ करून तोच वापरायचा, आणि गेला तेवढाच भाग नवा करायचा. पुढचा भाग बहुतेक नवा, आत दुसरं ऑर्फियस. ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख फॅडवर ती पुन्हा पाण्यावर उठली आणि ताशी सुमारे १५० मैलांपर्यंत गेली. विक्रमाच्या निम्म्याहून थोडाच जास्त वेग, पण बघायला आलेल्यांना त्याची फिकीर नव्हती.

त्यानंतर ती नेमकी कोणाची, यावर वाद झाला. नवे भाग ज्यांनी बनवले त्यांचे, की बोट जिची तिचे? अखेर मार्च २०२४ मध्ये के-७ कोनिस्टनच्या म्युझियममध्ये परतली. ज्या तलावात ती ३४ वर्षं पडून होती, तो तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

तर मित्रांनो, जुनं यंत्र उघडायचा नाद वाईट नाही. उलट आपल्यातल्या बऱ्याच जणांना इंजिनिअरिंगची खरी गोडी क्लासरूमपेक्षा त्या पार्किंगमध्येच लागते. फक्त इंजिन मोठं करताना एकदा चासीकडे बघा. आणि आपणच उठवलेल्या लाटा शांत होईपर्यंत थोडं थांबा.