नानासाहेब पेशवे: बातमी आली आणि शरीर खचलं

गोखिवऱ्याहून वसई किल्ल्यावर गेलात की चिमाजी अप्पांचं नाव निघतंच. मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला तो त्यांनीच. आजची गोष्ट मात्र त्यांच्या पुतण्याची, बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांची.

जन्म १७२०चा. १७४० मध्ये वडील बाजीराव गेले आणि विशीच्या आतच पेशवेपद आलं. त्याच वर्षी डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. त्यांचा दहा वर्षांचा सदाशिव, म्हणजे पुढचे भाऊसाहेब, याच घरात वाढला. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावाचं पाणी पुण्यात आणलं. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या.

मग पानिपत. १४ जानेवारी १७६१ला थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव, दोघंही गेले. नानासाहेब स्वतः फौज घेऊन मदतीला उत्तरेकडे निघाले होते, भेलशापर्यंत पोचले होते. तेव्हा लाइव्ह लोकेशन कुठलं! दहाएक दिवसांनी पत्रातून कळलं. तब्येत आधीच बरी नव्हती, आता ते पार खचले.

अशा धक्क्यात शरीरात काय होतं? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं पेप्टाइड सुटतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ, यात ४१ मणी. १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या गटाने ते शोधलं. सीआरएच पिट्युटरीला जागं करतं, पिट्युटरी एसीटीएच सोडते आणि मग मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल ओततात. पण सीआरएच तेवढ्यावर थांबत नाही. ते मेंदूतच भूकही दाबतं. त्याचा भाऊबंद युरोकॉर्टिन १९९५ मध्ये सापडला. तो उंदरांच्या मेंदूत टोचला तर ते खाणं चक्क कमी करतात. वर जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मोठं आतडं मात्र घाई करतं. परीक्षेच्या सकाळी पोहे घशाखाली उतरत नाहीत आणि टॉयलेटच्या फेऱ्या होतात, त्यामागे हेच.

यात एक गंमत आहे. ताण लांबला की कॉर्टिसॉल काही जणांची भूक उलट वाढवतं, म्हणून ब्रेकअपनंतर कोणी उपाशी राहतं, तर कोणी रात्री एकला वडापाव शोधतं. नानासाहेबांचं रक्त कोणी तपासलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या शरीरात नेमकं काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. जुनं आजारपण आणि शोक, दोन्ही एकत्र होते. माझ्या मते एकट्या शोकाने माणूस गेला असं म्हणणं घाईचं आहे, पण शोकाचा काही वाटाच नव्हता असं म्हणणं त्याहून घाईचं.

ते पुण्याला परतले. २३ जून १७६१ला पर्वतीवर त्यांचा मृत्यू झाला. वय ४०. गादीवर दुसरा मुलगा माधवराव आला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता.