कार्लाइलच्या यादीतला पहिला

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की एक जुना वाद नव्याने रंगतो. आपल्या संघातला आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, दुसरा कोण, तिसरा कोण, याच्या याद्या वृत्तपत्रांत छापल्या जातात. दर पिढीत नवे खेळाडू येतात आणि क्रम बदलत जातो. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या यादीत मात्र आता नव्या नावाची भर पडणे शक्य नाही, कारण ही संस्था १९१८ मध्येच बंद झाली. तिच्या संघातील खेळाडूंची गणना करताना पहिले नाव घ्यावे लागते ते जिम थॉर्पचे. त्याच्या खेळाबद्दल कोणाला शंका नव्हती. मैदानावर मिळवलेले स्थान कागदावर ठेवायचे की नाही, हाच खरा वाद होता आणि तो मिटायला शतकाहून अधिक काळ लागला.

थॉर्पचा जन्म १८८७ मध्ये आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला. तेव्हा तो प्रदेश इंडियन टेरिटरी म्हणून ओळखला जाई. घराणे सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीचे. जमातीने ठेवलेल्या त्याच्या नावाचा अर्थ उजळलेली वाट असा होतो. ही वाट लहानपणापासून खडतर होती. चार्ली हा त्याचा जुळा भाऊ नऊ वर्षांच्या आसपास न्यूमोनियाने गेला. त्यानंतर काही वर्षांत आईचे निधन झाले. निवासी शाळांत त्याचे मन रमेना, तो वारंवार पळून घरी येई. अखेर १९०४ मध्ये त्याला घरापासून शेकडो मैल दूर असलेल्या कार्लाइलला पाठवण्यात आले. तेथे पोहोचल्यावर थोड्याच काळात वडीलही वारले.

कार्लाइल ही साधी शाळा नव्हती. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लष्कराच्या जुन्या बराकींत ती सुरू केली. निरनिराळ्या जमातींची मुले तेथे आणली जात, त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषेत बोलण्यास बंदी असे. मुलांमधील मूलनिवासी संस्कार पुसून टाकणे हाच या शिक्षणाचा हेतू होता. काही महिने मुलांना गोऱ्या कुटुंबांकडे शेतीच्या आणि घरच्या कामाला धाडले जाई. संस्थेच्या आवारात शंभराहून अधिक मुलांच्या कबरी आहेत, यावरून तेथील जीवनाची कल्पना येते.

अशा या संस्थेचे नाव देशभर झाले ते फुटबॉलमुळे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत धावायचे आणि शेवटची रेषा ओलांडून टचडाऊन मिळवायचा, किंवा चेंडू खांबांमधून लाथाडून फील्ड गोल करायचा, असा हा दांडगा खेळ. कार्लाइल हे खऱ्या अर्थाने महाविद्यालय नसले तरी त्याचा संघ हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया अशा बड्या विद्यापीठांशी खेळे, तोही बहुतेक वेळा त्यांच्याच मैदानावर. प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत कार्लाइलचे खेळाडू वजनाने हलके असत. ही उणीव ते वेगाने आणि युक्तीने भरून काढत. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध जिमी जॉन्सन या क्वार्टरबॅकने चेंडू सहकाऱ्याच्या जर्सीत पाठीमागे दडवला आणि प्रतिस्पर्धी चेंडू शोधत असताना त्या सहकाऱ्याने टचडाऊन नोंदवला. तो सामना कार्लाइलने एका गुणाने गमावला, पण ही युक्ती खेळाच्या इतिहासात कायमची जाऊन बसली.

थॉर्पचा खेळांत प्रवेश १९०७ मध्ये झाला. मैदानावरून जाताना उंच उडीचा सराव पाहून त्याने कामाच्या कपड्यांतच आडवी काठी सहज ओलांडली, अशी कथा सांगतात. ग्लेन वॉर्नर हे प्रशिक्षक त्याला फुटबॉल खेळू देण्यास नाखूश होते. धावण्या-उडय़ांतला इतका गुणी खेळाडू जायबंदी होईल, ही त्यांची भीती. थॉर्पने सरावात संपूर्ण बचावफळी चुकवून धाव घेतली, तेव्हा त्यांचा विरोध मावळला.

त्याचे खरे वैभव दिसले ते १९११ आणि १९१२ च्या हंगामांत. नोव्हेंबर १९११ मध्ये जखमी पायाला पट्टय़ा बांधून तो हार्वर्डविरुद्ध उतरला, चार फील्ड गोल केले आणि कार्लाइलने १८-१५ असा विजय मिळवला. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या संघाला कार्लाइलने २७-६ असे नमवले. वुन्डेड नी येथे लष्कराने मूलनिवासींचे हत्याकांड केले, त्याला तेव्हा जेमतेम २२ वर्षे झाली होती. त्यामुळे या सामन्याला खेळापलीकडचा अर्थ होता. लष्कराच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुण होता. त्याने थॉर्पला अडवण्याचा प्रयत्न केला. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. या दोन्ही वर्षी थॉर्पची निवड देशाच्या सर्वोत्तम संघात झाली.

कार्लाइलच्या यादीत त्याच्यामागे कोणाला ठेवायचे, यावर चर्चा होऊ शकते. युक्तिबाज जॉन्सन, १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये उतरलेला क्वार्टरबॅक फ्रँक माउंट प्लेझंट, कडेने खेळणारा अल्बर्ट एक्सेंडाइन, १९१२ चा सूत्रधार गस वेल्च, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला जो गायन, असे दावेदार अनेक आहेत. मात्र धावणे, लाथाडणे, फेकणे आणि बचाव या चारही अंगांत एकाच वेळी इतका प्रबळ खेळाडू त्यांच्यात दुसरा नव्हता.

१९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत पहिला क्रमांक घेऊन सुवर्णपदक जिंकले. डेकॅथलॉनमध्ये ८४१२ गुणांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या क्रमांकावरील स्वीडनचा ह्यूगो व्हीस्लाण्डर सुमारे ७०० गुणांनी मागे होता. यजमान देशाचे राजे गुस्ताव्ह पाचवे यांनी त्याचा गौरव केला. न्यूयॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली. मात्र मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा होण्यास अजून १२ वर्षे होती.

जानेवारी १९१३ मध्ये एका वृत्तपत्राने जुनी गोष्ट बाहेर काढली. १९०९ आणि १९१० मध्ये थॉर्प नॉर्थ कॅरोलिनात अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. त्या काळी अनेक महाविद्यालयीन खेळाडू उन्हाळ्यात टोपणनावाने असे खेळत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. त्याने पत्र लिहून गोष्ट कबूल केली. वॉर्नर यांनी आपल्याला याची कल्पना नव्हती, अशी भूमिका घेतली. दोन वर्षे संघाबाहेर असलेला आपला मोहरा कोठे होता, हे प्रशिक्षकाला ठाऊक नसावे, हे अनेक अभ्यासकांना पटलेले नाही. स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांत हरकत घेण्याचा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटली होती. तरीही पदके परत घेतली गेली आणि नोंदी पुसल्या गेल्या. ज्या संस्थेला त्याने कीर्ती मिळवून दिली, ती त्या वेळी त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही.

थॉर्प खेळत राहिला. बेसबॉलमध्ये तो न्यूयॉर्क जायंट्ससह तीन संघांकडून खेळला. १९१५ पासून कँटन बुलडॉग्ज या व्यावसायिक फुटबॉल संघाचे तो आकर्षण ठरला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे एनएफएल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष होता. १९२८ मध्ये मैदान सोडल्यावर मात्र हालअपेष्टा सुरू झाल्या. मंदीच्या काळात त्याने मजुरी केली, चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकचे तिकीट परवडत नसल्याचे कळताच, स्वतः मूलनिवासी वंशाचे असलेले उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्याशेजारी बसवले. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या मतदानात क्रीडा पत्रकारांनी अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आणि सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू असे दोन्ही मान त्याला दिले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

मृत्यूनंतरही त्याला स्वतःच्या भूमीत जागा मिळाली नाही. ओक्लाहोमातील अंत्यविधी अर्धवट असताना तिसऱ्या पत्नीने पार्थिव नेले. पेनसिल्व्हेनियातील दोन गावांनी एकत्र येऊन जिम थॉर्प हे नाव घेतले आणि तेथेच त्याचे दफन झाले. मुलांनी पार्थिवासाठी न्यायालयात लढा दिला, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही.

पदकांची लढाई रॉबर्ट व्हीलर आणि फ्लोरेन्स रिडलन या अभ्यासक दाम्पत्याने पुढे नेली. त्या ३० दिवसांच्या नियमाची पुस्तिका त्यांनी शोधून काढली. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने थॉर्पला विजेता मानले, पण संयुक्त विजेता म्हणून. त्याचे खरे गुण नोंदीत परतले नाहीत. व्हीस्लाण्डरने आपल्याकडे आलेले सुवर्ण मनाने कधीच स्वीकारले नव्हते. त्याच्या कुटुंबाने आणि स्वीडनच्या ऑलिम्पिक समितीने हे स्पष्ट केल्यावर १५ जुलै २०२२ रोजी थॉर्पला दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता घोषित करण्यात आले. २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाले.

जो शिक्षणक्रम थॉर्पला त्याची ओळख विसरायला लावण्यासाठी होता, त्याच्याच मैदानावर तो त्या ओळखीसह अव्वल ठरला. कार्लाइलच्या बराकी बंद होऊन शतक लोटले. त्या संस्थेचे नाव आज जगात घेतले जाते ते बऱ्याच अंशी तिच्या संघामुळे आणि त्या संघातल्या या पहिल्या खेळाडूमुळे.