रविवार कुणी मिळवून दिला?

रविवारी सकाळी नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून पांढऱ्या वस्त्रांतली माणसे बुद्धविहाराकडे निघतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली, तो दिवसही रविवारच होता. परंतु रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली, असे विचारले तर आमच्यातले शिकलेलेही साहेबाच्या चर्चकडे बोट दाखवतात. कचेऱ्यांना रविवार साहेबामुळे मिळाला असेल. गिरणी कामगाराला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवून दिला.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, गरीब माळी कुटुंबात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, उन्हाळ्यात तर तेरा तास. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यात फक्त मुलांचा विचार होता, मोठ्या माणसांसाठी काहीच नव्हते.

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या विचाराने घडलेल्या लोखंडे यांनी १८८० मध्ये 'दीनबंधु' पत्र हाती घेतले. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे पाठवले. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाला तर भरपाई. सरकार आणि मालक, दोघांनीही कानाडोळा केला.

लोखंडे सहा वर्षे खपले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली आणि नागपूरच्या एम्प्रेस मिलचा कामगारही तिचा हक्कदार झाला. पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे गेले.

बाबासाहेबांनी हाच वारसा पुढे नेला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणण्याचा कायदा त्यांनीच पुढे रेटला.

माणसाला शरीराबरोबर मनही असते. सातही दिवस राबणारा वाचणार कधी, मुलांचा अभ्यास घेणार कधी, सभेला जाणार कधी? ज्याला उसंत नाही त्याला गुलामीची जाणीवही होत नाही. म्हणून सुट्टी ही चैन नव्हे, माणूस म्हणून जगण्याची ती अट आहे.

आज कंत्राटी सफाई कामगार, मोलकरणी, घरोघरी पार्सल पोहोचवणारी पोरे यांच्या वाट्याला हा रविवार कितीसा येतो? खाडा केला की मजुरी कापली जाते. यांतले बहुतेक आमचेच बांधव आहेत. आम्ही विहारात बसलेलो असताना बाहेर रस्ता झाडणाऱ्या भगिनीची सुट्टी कुठे गेली, हे विचारायला हवे. लोखंडे यांना खरे अभिवादन तेच ठरेल.