विश्लेषण : वारल्यांची वेठ मोडणाऱ्या गोदावरी परुळेकर कोण होत्या?

तारापूर म्हटले की अणुऊर्जा केंद्र आणि औद्योगिक वसाहत आठवते. मात्र याच पट्ट्यामागच्या डहाणू-तलासरीच्या जंगलात ब्रिटिश राजवटीच्या अखेरीस वारल्यांनी मोठा लढा दिला. त्याचे नेतृत्व पुण्याहून आलेल्या एका महिलेकडे होते.

वारल्यांचा रोष कशामुळे?

कर्जापोटी वारल्यांच्या जमिनी बाहेरून आलेल्या सावकार-जमीनदारांच्या नावे झाल्या. जमीन कसणारा वारली स्वतःच्याच शेतावर कूळ बनला. त्याला जमीनदाराकडे फुकट राबावे लागे, ही वेठ. लग्नासाठी कर्ज घेणारे जोडपे सावकाराचे बंदे होई, त्यांना लग्नगडी म्हणत. जंगलावर सरकार आणि ठेकेदारांचा ताबा होता.

गोदावरी परुळेकर येथे कशा आल्या?

१९०७ मध्ये पुण्यात गोखले कुटुंबात जन्मलेल्या गोदावरी कायद्याच्या पदवीधर होत्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३९ मध्ये त्यांनी शामराव परुळेकर यांच्याशी विवाह केला. पुढे दोघे कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत काम करू लागले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले आणि हा संबंध जुळला.

लढ्यात काय घडले?

२३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्यानंतर गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. पावसाळा सरताच ५०० पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरीची मागणी करत संप झाला. ऑक्टोबरमध्ये गोदावरी यांच्या नावाने अफवा पसरून तलवाड्यात मोठा जमाव जमला. पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. परुळेकर दाम्पत्याला जिल्हाबंदी झाली, तरी संप मोडला नाही.

लढा बाहेरच्यांविरुद्ध होता का?

गोदावरी यांचे आयुष्यच याचे उत्तर आहे. शहरी, ब्राह्मण कुटुंबातली ही बाई पाड्यांवर राहिली आणि वारल्यांची गोदूताई झाली. रोष परक्या माणसावर नव्हता, तर जमीन आणि श्रम हिरावणाऱ्या व्यवहारावर होता.

पुढे काय झाले?

या लढ्यावरील त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. वेठ संपली, पण कसणाऱ्याच्या नावावर जमीन हवी ही मागणी पालघरच्या मोर्चांत अजूनही ऐकू येते.